विंडोज १० सोडतोय, पहिलं लिनक्स कोणतं टाकू?

सिडकोकर: विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि माझा जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, ११ घेतच नाही. बाबा त्यावर द्राक्षबागेचा हिशोब मराठीत टाइप करतात. विंडोजऐवजी मोफत लिनक्स सिस्टिम टाकायचीय, कोणती घेऊ?

गंगापूररोड: लिनक्स मिंट, एक्सएफसीई वालं, म्हणजे हलक्या डेस्कटॉपचं. मेनू खाली डावीकडेच, बाबांना ओळखीचं वाटेल. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालव, वायफाय, आवाज, प्रिंटर बघ आणि बॅकअप घेतल्याशिवाय इन्स्टॉल करू नकोस रे, माझे भाचीच्या बारशाचे फोटो गेले ते गेलेच.

पंचवटीवाला: मिंटच. एक्सेल फाइल लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडेल, मॅक्रो (फाइलमधल्या आपोआप चालणाऱ्या कमांड) असतील तर तपास. कीबोर्डमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा कीबोर्ड लेआउट) अॅड कर.

सिडकोकर: लाइव्ह चालवलं, वायफाय लगेच लागलं. बाबांनी पहिलाच शब्द टाइप केला, ‘थॉमसन’, आमच्या द्राक्षाची जात. रविवारी टाकतोय.