‘बाळगणे’ की ‘सापडणे’?

प्रश्न: ‘गांजा बाळगल्याप्रकरणी तरुणाला अटक’ अशी एक बातमी मी ‘गांजा सापडल्याप्रकरणी’ अशी लिहिली होती. संपादकांनी ‘बाळगल्या’ केलं. अर्थ एकच आहे का? ‘ताबा’ चालला असता का?

उत्तर: एकच नाही, दादा. तुमचंच बरोबर होतं.

आपण मनात राग बाळगतो, अपेक्षा बाळगतो, सावधगिरी बाळगतो. पूर्वी लोक पदरी घोडे आणि शिपाई बाळगत. नकळत काहीच बाळगता येत नाही; माहीत असणं आणि जपून ठेवणं या क्रियापदातच आहे. ‘सापडणे’ तसं नाही. माझ्या पिशवीत पुडी सापडली, एवढ्यावरून ती कुणी ठेवली ते कळत नाही. अटकेच्या दिवशी हातात तेवढंच असतं, तरी बातमी ‘बाळगल्या’ म्हणून मोकळी होते. निकाल लागायच्या आधी निकाल सांगणारं हे क्रियापद आहे, आणि मला ते फार खटकतं.

कायद्यातली झुंजही नेमकी इथेच आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ताबा म्हणजे नुसतं जवळ असणं नव्हे. वस्तूवर नियंत्रण हवं आणि तिची जाणीवही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने मोहनलाल विरुद्ध राजस्थान (२०१५) या खटल्यात स्पष्ट केलं. त्यात अफू आरोपीच्या अंगावर नव्हती, पुरलेली होती. ती जागा त्यानेच दाखवली, म्हणून ताबा त्याचा ठरला. म्हणजे ‘ताबा’ हा ‘जवळ’पेक्षा रुंदही आहे आणि अरुंदही.

प्रश्न: मग ‘मला माहीतच नव्हतं’ म्हटलं की सुटका?

उत्तर: नाही. इथे हा कायदा इतर फौजदारी कायद्यांपेक्षा कडक आहे. कलम ३५ आणि ५४ मुळे माल ताब्यात होता हे सिद्ध झालं की जाणीव गृहीत धरली जाते, आणि ती नव्हती हे आरोपीला दाखवावं लागतं. पण आधी माल त्याच्याकडूनच, रीतसर जप्त झाला हे सरकार पक्षाने सिद्ध करायचं असतं. नूर आगा खटल्यात (२००८) हाच मुद्दा होता. त्यामुळे वकील पंचनामा, सील, नमुने, मुद्देमाल कुठे आणि कुणाकडे होता, हे सगळं तपासतात.

शिक्षा ठरते वजनावर. गांजा १ किलोपेक्षा कमी असेल तर ‘अल्प प्रमाण’: १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोपेक्षा जास्त असेल तर ‘व्यापारी प्रमाण’: १० ते २० वर्षं आणि १ ते २ लाख दंड. हेरॉइनसाठी हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. यांच्या मधल्या प्रमाणाला कायद्याने नावच दिलेलं नाही, त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि १ लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणात जामीनही अवघड, कारण आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते.

‘गांजा’ शब्दही तपासून घ्या. कायद्यात तो झाडाचा फुलोरा किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं किंवा बिया असतील तर तो गांजा नव्हे. वजनात काय काय धरलं, हा म्हणूनच बचावाचा खरा मुद्दा असतो.

पुरवणी: ‘अंगझडती’बद्दल राहिलं. कलम ५० प्रमाणे अंगझडती घेण्याआधी ‘राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे त्या माणसाला सांगावंच लागतं (जडेजा खटला, २०१०). पण हातातली पिशवी ‘अंग’ नाही, असं न्यायालयाने २००५ मध्ये ठरवलं. माल पिशवीत असेल तर हा बचाव उरत नाही. ‘अंग’ कुठे संपतं, हा व्याकरणाबाहेरचा प्रश्न नव्हे.

प्रश्नकर्त्याकडून: आभारी आहे, ताई. अटकेच्या बातमीत ‘सापडल्याचा आरोप’, शिक्षा झाली तरच ‘बाळगल्याबद्दल’, असं संपादकांना आजच लिहून पाठवतो.