भातखाचरात बसलेल्या मेंढरांच्या वाड्यावर पंधरा दिवस मदतीला जायचंय: कुत्र्यांशी कसं वागायचं, काम काय असतं?

सुरंगी

दापोली-मंडणगड पट्ट्यात मामांची भातशेती आहे. दिवाळीनंतर फलटणकडचं एक धनगर कुटुंब तिथे मेंढरं घेऊन येतं, लेंड्या-मुताचं खत पडावं म्हणून रात्री शेतात बसवतं आणि पावसाआधी घाट चढून परत जातं. तीन बिऱ्हाडं, दोनशेच्या आसपास मेंढरं, थोडी शेरडं, दोन घोडी, चार कुत्री. यंदा जानेवारीत पंधरा दिवस त्यांच्यात राहून मदत करायचं ठरलंय. पैसे घ्यायचे नाहीत, जेवण त्यांच्याच चुलीवर. मला विचारायचंय ते असं: नवख्या माणसाने खरोखर उपयोगी पडेल असं काय करावं? बॉर्डर कॉलीचे व्हिडिओ पाहिलेत, तशी शिट्टीवर मेंढरं वळवायला या कुत्र्यांना शिकवता येईल का? माझा दोन वर्षांचा लॅब्राडॉर बरोबर नेला तर चालेल? आणि इंजेक्शनं कुठली घेऊन जावी?

वाघरमेख

ताई, आधी कुत्र्यांचं बोलू. वाड्यावरची कुत्री मेंढरं वळवत नाहीत, राखतात. ही दोन वेगळी कामं आहेत. कॉली वाकून, नजर रोखून कळपावर दाब टाकतो आणि मेंढरं त्याच्यापासून लांब सरकतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या डोंगरात मेंढरं दिवसचे दिवस माणसाशिवाय मोकळी असतात, तिथे ते लागतं. आपल्याकडे कळपाबरोबर दिवसभर माणूस असतो: पुढे एक जण हाळी देत, मागे एक जण लंगडी-गाभण सांभाळत. इथल्या कुत्र्याचा गुण नेमका उलटा. त्याने मेंढरांकडे बघूसुद्धा नये, बाहेर तोंड करून बसावं. पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांत वाढवतात ते यासाठीच. मेंढरांमागे धावायची खोड लागलेलं पिल्लू वाड्यावर ठेवत नाहीत.

तेव्हा शिट्टी नको, बिस्किटं तर मुळीच नकोत. बिस्किटाला सोकावलेलं कुत्रं रात्री तुमच्या अंथरुणाशी येऊन झोपतं आणि वाघरीची (मेंढरांभोवती लावलेल्या जाळीची) एक बाजू उघडी पडते. पहिले दोन दिवस कुत्र्यांकडे लक्षच देऊ नका. तिसऱ्या दिवशी घरच्या बाईच्या हातची भाकरी तिच्या शेजारी बसून टाका, म्हणजे तुमचा वास घरातला होतो. डोळ्यांत बघत सरळ अंगावर चालून जायचं नाही, जेवताना आणि विलेल्या कुत्रीजवळ तर अजिबात नाही. रात्री उठावं लागलं तर आधी आवाज द्या, मग बॅटरी लावा, मग उठा. अंधारात वाघरीकडून चालत येणारं माणूस कुत्र्याला माणूस वाटत नाही.

लॅब्राडॉर नको. तो खेळायला म्हणून धावेल, गाभण मेंढ्या बिचकून वाघरीवर पडतील, गाभ टाकतील. शिवाय वाड्यावरची चार कुत्री त्याला पाव्हणा मानणार नाहीत.

आता वाघर. सुताची नाहीतर नायलॉनची जाळी, साधारण कमरेइतकी उंच, मेखांवर ताणून लावायची. मोठ्या मेंढराला चौरस मीटरभर जागा धरा. दोनशे मेंढरांना दोन गुंठे होतात, म्हणजे रोज जागा बदलली तर एकराला वीस रात्री. जागा रोज बदलायची ती खत सगळीकडे सारखं पडावं म्हणून, आणि मेंढरांचे पाय रात्रभर मुतात राहू नयेत म्हणूनही. भात कापल्यावर खाचराची माती विटेसारखी होते, लाकडी मेख ठोकली की फुटते. आधी पहारीने वीतभर भोक पाडा, मग मेख बसवा, बाहेरच्या अंगाला किंचित कललेली. जाळीची खालची दोरी जमिनीला टेकलीच पाहिजे. टीचभर फट राहिली तर कोकरू मान घालतं आणि पिळून बसतं. जाळी गुंडाळताना तिच्यात अडकलेलं धसकट, काटा काढत काढत गुंडाळायची. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणून तेच मागून घ्या. घरच्यांचा रोजचा तासभर वाचतो.

सकाळी सोडताना मोजणी असते. वाघर एका कोपऱ्यात दोन मेंढरं जातील एवढीच उघडायची, जोड्या मोजायच्या, दर दहा जोड्यांना एक खडा खिशात. चार वेळा चुकाल. घरातल्या म्हातारीला आकडा लागत नाही, तिला तोंडं पाठ असतात.

खाचरकाठ

शेतकऱ्याच्या बाजूने थोडं. मेंढरं बसवायचा व्यवहार (धान्य की रोख, किती रात्री, आधी कुणाचं शेत) घरातला कर्ता माणूस आणि तुमचे मामा बघतील. तुम्ही मध्ये पडू नका, गावात कुणी विचारलं तरी दर सांगू नका.

चारायला नेताना मात्र तुमचे डोळे कामाला येतील. जानेवारीत भाताच्या ओलीवर वाल, पावटा, कुळीथ उभा असतो. लांबून ते खाचर पडीकच वाटतं. सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. दोन-तीन वर्षांची कलमं असतील त्या बागेत कळप घालायचाच नाही, शेंडा खाल्ला की वर्ष गेलं. बांधावरून आडवी मेंढरं उतरवू नका. बांध ढासळतो, आणि तो घालायला जूनमध्ये माणूस मिळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोहोर. डिसेंबरपासून आंब्यावर तुडतुड्यासाठी फवारण्या चालू असतात, आणि औषध झाडाइतकंच खालच्या गवतावर पडतं. कलमांखालचं हिरवं गवत बघून मेंढरं ओढ घेतात. बागवाल्याला विचारा: शेवटची फवारणी कधी, औषध कुठलं? डब्यावर काढणीआधी थांबायचे दिवस लिहिलेले असतात, निदान तेवढे दिवस तरी त्या बागेत जायचं नाही. उत्तर मिळालं नाही तर बाग सोडून द्या. पंप धुतलेलं पाणी ज्या डबक्यात ओतलंय तिथे कुत्रंही पाणी पितं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि रानात कुत्री मोकाट सोडू देऊ नका. डुकरांसाठी लावलेली तारेची फासकी कुत्र्याच्या गळ्यात नाहीतर कमरेत बसते. एखादं कुत्रं संध्याकाळी आलं नाही तर आधी पाणंद आणि बागांची कुंपणं शोधा. वायर कटर जवळ ठेवा.

गुरांचा_डॉक्टर

वरचं सगळं योग्य. माझ्या बाजूचं सांगतो.

तुमच्यासाठी: धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. रेबीजची आगाऊ लस घ्यायची असेल तर निदान महिनाभर आधी सुरू करा. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी, असा नेहमीचा क्रम. ती घेतली तरी चावल्यावर सुट्टी नाही: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. वाड्यावरच्या चारही कुत्र्यांना यंदाची रेबीजची लस झालीय का, हे जायच्या आधीच विचारा. नसेल तर ती करून देणं हीच तुमची पहिली मदत.

मेंढरं आणि कुत्री एकत्र असतात तिथला खरा धोका मला चाव्यापेक्षा जंताचा वाटतो. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढराचं कच्चं फुप्फुस-काळीज कुत्र्याने खाल्लं की त्यातल्या पाण्याच्या गाठींमधून फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, केसांवर, तिथून मेंढराच्या आणि माणसाच्या पोटात जातात. माणसाच्या यकृतात, फुप्फुसात गाठी होतात, त्या कळायला वर्षं जातात. याच घराण्यातला दुसरा कृमी मेंढराच्या मेंदूत गाठ करतो. ते मेंढरू मान वाकडी करून एकाच अंगाला गोल फिरत राहतं. उपाय साधे आहेत. कच्चं अवयवमांस कुत्र्याला नाही, द्यायचंच तर अर्धा-पाऊण तास उकळून. बाकी खोल पुरायचं. कुत्र्यांना प्राझीक्वान्टेल ही जंताची गोळी, किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १०० मिलिग्रॅम, निदान दर तीन महिन्यांनी. गोळी दिल्यावर दोन दिवस बांधून ठेवा आणि विष्ठा पुरून टाका, नाहीतर पडलेली अंडी रानभर होतात. जेवणाआधी साबणाने हात, आणि कुत्र्याला तोंड चाटू द्यायचं नाही.

मेंढरांत काय बघाल? सकाळी सुटताना मागे राहणारं. त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढा: लाल-गुलाबी असेल तर ठीक, कागदासारखी पांढरी असेल तर रक्त पिणारे जंत. जबड्याखाली पाण्याची थैली लोंबत असेल तर तेच, नाहीतर यकृतातला पर्णकृमी. तो गोगलगायींतून येतो, म्हणून ओढ्याकाठची, पाणी साचलेल्या खाचरातली हिरवळ टाळायची. लंगडत असेल तर खुरांच्या बेचक्यात बघा. कुसळ किंवा काटा निघतो. घाण वास आणि मऊ पडलेलं खूर असेल तर खुरसडा. त्याला झिंक सल्फेटचं १० टक्के पाणी करा, म्हणजे १० लिटरला १ किलो, आणि त्यात पाय बुडवून उभं करा.

इथे एक गोष्ट कोकणात हमखास चुकते. सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी घराघरात मोरचूद (तांब्याचा क्षार) असतं, तेच लोक खुराला वापरतात. मेंढराला तांबं सोसत नाही. गाई-शेळीला चालतं तेवढं तांबं मेंढराच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी काळी-लाल होऊन मेंढरू पडतं. म्हणून मोरचूद नको, बोर्डो मारलेल्या बागेतलं गवत नको, आणि गाईचं खनिज मिश्रणही नको.

पोट डावीकडून फुगलं तर ५०-६० मिलि गोडेतेल तोंडाच्या कोपऱ्यातून हळूहळू. डोकं वर उचलून ओतलंत तर तेल फुप्फुसात जाईल आणि मेंढरू त्यानेच मरेल. लाळ गळतेय, अंग थरथरतंय, बुबुळ बारीक झालंय अशी दोन-तीन मेंढरं एकदम दिसली तर फवारणीचं विष समजा, घरगुती काही करू नका, जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या नंबरला फोन लावा.

विण्याची वेळ असेल तर: कळा जोरात चालू होऊन अर्धा-पाऊण तास काहीच पुढे सरकलं नाही तर घरच्यांना उठवा. नाळेला टिंक्चर आयोडीन, पहिल्या दोन तासांत चीक. अडीच किलोच्या कोकराला दिवसभरात पाव लिटर गेला पाहिजे. वार ओढायची नाही, पडली की पुरायची, नाहीतर कुत्री नेतात.

गोचिडीसाठी बारीक टोकाचा चिमटा ठेवा, त्वचेलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका. वाडा तुमच्याच पट्ट्यात आहे म्हणून ठीक. दोडामार्गाकडे असता तर गोचिडीतून होणाऱ्या माकडतापासाठी वेगळं सांगितलं असतं, तिथे २०१६ पासून रुग्ण सापडलेत.

सुरंगी

लॅब्राडॉर मामीकडे ठेवते. दोन गोष्टी राहिल्या. कळप रस्त्यावरून नेताना मी नेमकं कुठे उभं राहायचं? आणि रात्री बिबट्या आला तर?

वाघरमेख

उभं राहण्याचं गणित मेंढराच्या खांद्यावर आहे. तुम्ही खांद्याच्या मागे असाल तर ते पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलात तर थांबतं किंवा मागे वळतं. थेट शेपटीमागे चालू नका, तिथलं त्याला दिसत नाही, मग ते मान वळवून अडतं. तिरकं, आठ-दहा हात अंतर ठेवून चाला. कळप दबायला लागला की एक पाऊल मागे घ्या, तेवढ्याने सैल होतो. धावायचं नाही, ओरडायचं तर नाहीच. थोडक्यात, पंधरा दिवस कॉली तुम्हीच.

अरुंद रस्त्यावर एसटी आली तर कळप एकाच बाजूला घ्या. अर्धी मेंढरं इकडे, अर्धी तिकडे राहिली की मधलं कोकरू आईकडे धावतंच. वळणावर तुम्ही कळपाच्या पन्नास पावलं पुढे, हातात लाल फडकं.

बिबट्याचं काम कुत्री आणि घरची माणसं करतात. कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो याचसाठी, बिबट्या मान धरतो. संध्याकाळी पट्टा सैल झालाय का, खिळे वाकलेत का, हे घरच्यांबरोबर बघून घ्या. रात्री भुंकणं एका जागी, एका दिशेला आणि थांबत नसेल तर उठा, जोरात बोला, मोठी बॅटरी त्या दिशेला धरा, भांडी वाजवा. वाघरीच्या आत शिरू नका, बिथरलेली मेंढरं पाडतात. अंथरूण वाघर आणि चूल यांच्यामध्ये, मुलांच्या बाहेरच्या बाजूला मोठी माणसं. पाठलाग करत रानात कुणीही जायचं नाही.

मेंढरू मारलंच तर ते हलवू नका, ओढत नेलं असेल तर खुणाही पुसू नका. वनविभागाच्या १९२६ या नंबरला किंवा वनरक्षकाला ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही, आणि तोवर कुत्र्यांना त्यापासून बांधून ठेवा. घरच्यांना दुःखात फोन करायचं सुचत नाही. ते तुम्ही करा, मोबाइल चार्ज ठेवा, फोटोत बाजूचं एखादं ओळखीचं झाड किंवा बांध येऊ द्या.