मदत हवी आहे : वडील माजी सैनिक, आता हयात नाहीत, इंजिनिअरिंगसाठी शिष्यवृत्ती मिळेल का?

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली. पप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मी नववीत असताना हार्ट अटॅकने गेले. घरी आई, मी आणि आठवीतला भाऊ. आईच्या फॅमिली पेन्शनवर सगळं चालतं.

बारावीला ७८ टक्के पडले आणि सीईटीतून पुण्यात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखला आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यामुळे मुलींसाठीच्या जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होईल. पण हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हे सगळं राहतंच. पेन्शनमधून माझी मेस भरायची म्हटलं तर भावाच्या शिकवणीचं काय करायचं, हाच हिशोब आई रोज रात्री मांडते.

एका कार्यालयात चौकशी केली, तर "तुमचे मिस्टर शहीद नाहीत, मग काही नाही" म्हणून परत पाठवलं. आईला ते फार लागलं. वीस वर्षांच्या वर नोकरी केलेल्या माणसाच्या मुलीला खरंच काहीच नसतं का?

दुसरी अडचण नावाची. पप्पांच्या डिस्चार्ज बुकात (निवृत्तीवेळी मिळालेलं सेवेच्या आणि कुटुंबाच्या नोंदींचं पुस्तक) माझं नाव "पिंकी" आहे. माझा जन्म झाला तेव्हा ते जम्मूला होते, बारसं व्हायच्या आधीच त्यांनी युनिटमध्ये नोंद केली. त्या पानावर निळ्या शाईत पिंकी, पुढे जन्मतारीख, ती मात्र बरोबर. दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि आधारवर खरं नाव. अर्ज यामुळे अडकेल का? दुरुस्तीसाठी आईला बेळगावला, पप्पांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जावं लागेल का? तिला गुडघ्यांचा त्रास आहे. कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार)

पोरी, आधी आईला सांग की तिला चुकीचं सांगितलंय. लढाईत कामी आलेल्यांच्या मुलांसाठी संरक्षण मंत्रालयाची वेगळी सवलत आहे, त्यात शिक्षण शुल्क, हॉस्टेल, पुस्तकं धरून खर्च मिळतो. ती तुम्हाला लागू नाही, एवढंच. तुझ्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. तिच्यात सहा गट आहेत. पहिले पाच युद्धात वा सेवेत मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्यांच्या आणि शौर्यपदक मिळालेल्यांच्या घरच्यांसाठी, सहावा आपल्यासारख्या ऑफिसर नसलेल्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी. वडील पेन्शन आल्यावर वारले तरी तू त्यात बसतेस. बारावीला ६० टक्के लागतात, तुझे भरपूर आहेत. मुलींना महिन्याला ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,०००. देशभरात दरवर्षी ५,५०० जणांना मिळते, त्यातल्या निम्म्या जागा मुलींच्या.

एक गोष्ट मनात पक्की धर. नवीन अर्ज फक्त पहिल्या वर्षाला करता येतो. यंदा राहिलं तर पुढची तिन्ही वर्षं गेली. म्हणून नावाचं काम आजच हातात घे.

बेळगावला जायची गरज नाही. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आईच्या सहीचा अर्ज, तुझा जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि "पिंकी आणि ही एकच मुलगी" असं प्रतिज्ञापत्र द्या. ते कागद तिथूनच रेकॉर्ड ऑफिसला पाठवायला सांगा. तिथे पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या कौटुंबिक नोंदीत बदल करणारा लष्करी आदेश) निघाली की नोंद दुरुस्त होते. जन्मतारीख जुळते ही मोठी जमेची बाजू. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

भावाचंही करून घ्या. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत शैक्षणिक अनुदान असतं. पूर्वी महिना १,००० होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,००० झालंय. पास झालेल्या वर्गाची मार्कशीट लागते.

प्रतिसाद (पंतप्रधान शिष्यवृत्तीवर शिकणारी)

ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे. बँक खातं फक्त तुझ्या एकटीच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं, आईसोबतचं जॉइंट खातं देऊ नकोस. कॉलेजचं बोनाफाइड सैनिक बोर्डाच्या नमुन्यातच घे. कॉलेजच्या छापील फॉर्मवर घेतलेलं माझ्या मैत्रिणीचं परत आलं होतं. आणि दरवर्षी नूतनीकरणाला किमान ५० टक्के लागतात, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरपासून गणिताकडे लक्ष दे.

मूळ प्रश्नकर्ती

काका, ताई, मनापासून आभार. आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. सहाव्या गटाचं तिने परत वाचायला लावलं. प्रतिज्ञापत्र उद्याच करून सोमवारी सातारला जातोय. एकच विचारायचं राहिलं : आईचं माजी सैनिक विधवा ओळखपत्र अजून काढलेलं नाही. ते त्याच दिवशी, त्याच कार्यालयात अर्ज देऊन करता येईल का, आणि त्यासाठी पप्पांच्या पीपीओची (पेन्शन मंजुरीचा आदेश) मूळ प्रत लागते की झेरॉक्स चालते?