सीसीटीव्ही फुटेज वर्षानुवर्षं जपायचंय: टेप ड्राइव्ह घ्यावा का, आणि कोणता?

(रात्रपाळी, डिस्कपक्ष, केबलजोड आणि पुरावा या टोपणनावांनी चौघांची चर्चा.)

रात्रपाळी: ५० कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट प्रति सेकंद. म्हणजे एका कॅमेऱ्याचं दिवसाला ४३ जीबी, सगळ्यांचं महिन्याला जवळपास ६५ टीबी. हे सात वर्षं ठेवायचं आहे. माझं मत एलटीओ-९ ला, म्हणजे एलटीओ या टेप-प्रकाराच्या नवव्या पिढीला. एका कार्ट्रिजमध्ये (टेपच्या डबीत) १८ टीबी, म्हणजे महिन्याला चार टेप. जाहिरातीतला ४५ टीबीचा आकडा धरूच नका. तो २.५ पट कॉम्प्रेशन गृहीत धरून काढलेला आहे, आणि एच.२६५ या व्हिडिओ-कॉम्प्रेशन पद्धतीतलं फुटेज आधीच इतकं दाबलेलं असतं की ड्राइव्हला त्यात आणखी काही कमी करता येत नाही. कपाटातल्या टेपला वीज लागत नाही आणि रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) तिथवर पोचत नाही.

डिस्कपक्ष: अजिबात पटलं नाही. "त्या मंगळवारी दुपारी गेटवर काय झालं?" असं कुणी विचारलं की आधी टेप शोधा, लावा, मग ती गुंडाळत योग्य जागी जायची वाट बघा. एलटीओ-९ ची टेप एक किलोमीटरहून लांब असते. शिवाय पिढ्यांचं काय? एलटीओ-८ ला एलटीओ-६ ची टेप वाचता येत नाही, आणि एलटीओ-१० तर एलटीओ-९ सुद्धा वाचत नाही. सात वर्षांनी ड्राइव्ह बिघडला तर टेप कशात लावणार?

रात्रपाळी: ताजं फुटेज डिस्कवरच राहील, टेप जुन्यासाठी. पिढ्यांची अडचण खरी आहे, म्हणूनच एकाच पिढीचे दोन ड्राइव्ह घ्यावेत असं माझं म्हणणं आहे. एक बिघडला तर दुसरा वाचेल. टेपमध्ये यंत्र नसतं, त्यामुळे ड्राइव्ह गेला तरी माहिती शाबूत. हार्ड डिस्कची मोटर अडकली तर आतलं सगळंच अडकतं.

केबलजोड: तुम्ही दोघंही वेगाबद्दल बोलतच नाही. ५० कॅमेऱ्यांचा प्रवाह सेकंदाला जेमतेम २५ एमबी. एलटीओ-९ चा वेग सेकंदाला ४०० एमबीपर्यंत. माहिती कमी आली तर ड्राइव्ह स्वतःचा वेग उतरवतो, पण त्यालाही तळ आहे. त्याखाली गेलात की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. हे सतत चाललं तर वेळ जातोच, हेड आणि टेप दोन्ही झिजतात. म्हणून फुटेज आधी वेगळ्या, वेगवान डिस्कसंचावर जमवा आणि तिथून एका दमात टेपवर उतरवा. दिवसभराचं दीड तासात होईल. रेकॉर्डिंगच्याच डिस्कवरून वाचायला जाऊ नका, त्या ५० प्रवाह लिहिण्यात गुंतलेल्या असतात.

आणखी एक: एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची जुळणी करतो, त्यात दोन तासही जाऊ शकतात. कोऱ्या टेप आधीच तयार करून ठेवा. संगणकात सॅस कार्ड (ड्राइव्ह जोडण्याचं कार्ड) लागेल, तेही हिशेबात धरा.

डिस्कपक्ष: म्हणजे डिस्कसंच घ्यावाच लागणार. मग आणखी थोड्या डिस्क घेऊन टेप टाळणं सोपं नाही का?

पुरावा: फुटेज पुरावा म्हणून लागणार असेल तर सोपं नाही. एकदाच लिहिता येणारी वॉर्म कार्ट्रिज मिळतात, त्यांवरचं पुसता किंवा बदलता येत नाही. पण कार्ट्रिज एवढंच पुरत नाही. बरेच रेकॉर्डर आपल्याच खास स्वरूपात फाइल देतात आणि ती त्यांच्याच प्लेअरमध्ये उघडते. तो प्लेअर सात वर्षांनी चालेल का? शक्य तिथे एमपी४ घ्या, नाहीतर प्लेअरही त्याच टेपवर ठेवा. प्रत्येक फाइलचा शा-२५६ हॅश (फाइल बदलली का हे दाखवणारा आकड्यांचा ठसा) काढून वेगळा जपा. वॉर्म नसलेली टेप एलटीएफएसमध्ये (टेपवरच्या फाइली साध्या फोल्डरसारख्या दिसतील अशा मांडणीत) लिहा; वॉर्मवर एलटीएफएस सहसा चालत नाही, तेव्हा दोन्हींतलं एक निवडा. एलटीओ-५ पासून, म्हणजे २०१० पासून, ही सोय आहे, आणि मग विशिष्ट बॅकअप सॉफ्टवेअरवर अवलंबून राहावं लागत नाही. ड्राइव्हचं एन्क्रिप्शन वापरणार असाल तर किल्ली दोन ठिकाणी ठेवा. ती हरवली तर टेप कोरीच समजा.

डिस्कपक्ष: वॉर्म किंवा एलटीएफएस, हे पटलं. पण ६५ टीबीतला बहुतेक भाग रिकाम्या कॉरिडॉरचा असणार. फक्त हालचालीच्या क्लिप ठेवा, टेपची गरजच उरणार नाही.

रात्रपाळी: याला माझा ठाम विरोध आहे. कोणती पाच मिनिटं महत्त्वाची होती हे अनेकदा महिन्यांनी कळतं. कॉरिडॉर रिकामा होता, हाच कधी पुरावा ठरतो. कॅमेरे मात्र निवडता येतील. प्रवेशद्वारं आणि रोकड हाताळण्याची जागा, असे १२ धरले तर महिन्याला साडेपंधरा टीबी, एकाच टेपमध्ये बसतील. दुसरी प्रत धरून दोन टेप, दुसरी वेगळ्या इमारतीत. ड्राइव्ह तरीही दोनच घेईन.