पाचरीसारखं तोंड डब्ल्यूपीचं नव्हे

भाऊ, जळगावच्या वाड्यातल्या तुमच्या पितळी मॉडेल-इंजिनाचा फोटो टाकून ते कोणतं, असं तुम्ही विचारलंय. वर काहींनी त्याला डब्ल्यूपी, म्हणजे भारतीय रेल्वेचं वाफेचं प्रवासी इंजिन म्हटलंय, ते पटत नाही. आम्हा भुसावळकरांना डब्ल्यूपी पाठ आहे: तोंड गोल, निमुळतं, मधोमध तारा. तुमच्या फोटोत कपाळ पाचरीसारखं उतरत आलंय. ही अभियंता नायजेल ग्रेस्लीने आखलेली ए-४, इंग्लंडची. याच जातीच्या 'मॅलार्ड'ने ३ जुलै १९३८ला ताशी १२६ मैल, म्हणजे जवळपास २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही टिकून आहे!

आता चाकं बघा. त्यांच्यावर पत्र्याची झालर आहे. देखभालीला अडचण होते म्हणून दुसऱ्या महायुद्धात खऱ्या इंजिनांची ती काढून टाकली. म्हणजे कारागिराने युद्धापूर्वीचं रूप घडवलंय. मॉडेल तेव्हाच बनलं असं मात्र यावरून ठरत नाही.

टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, उलटं करून डाखाचे सांधे जरूर बघा. कुठे जाड, कुठे पातळ असतील तर हातकामच. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका! कोपऱ्यांत जुना रंग उरलाय. तो रुपेरी करडा निघाला, तर १९३५च्या 'सिल्व्हर ज्युबिली' गाडीचं इंजिन समजा.