छायाचित्रे चार हजार, कथा एकही नाही: प्रवासातून कथाबीज कसे हाती लागते?

प्रश्न: गोदातीर, नाशिक

नमस्कार. मी काही वर्षांपासून कथा लिहिते आणि त्यांतील काही दिवाळी अंकांत छापूनही आल्या आहेत. पुढे घरात बसून काही सुचेनासे झाले, म्हणून दीड वर्षापूर्वी मी कॅमेरा घेऊन जिल्ह्यात फिरायला सुरुवात केली. त्र्यंबकेश्वर, सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर, पांडवलेणी, येवल्याचे पैठणीचे माग, लासलगावचा कांद्याचा लिलाव, नांदूरमधमेश्वरचे थंडीतले पक्षी, आपल्या नाशिकचा भांडी बाजार, असे पुष्कळ टिपले. आज माझ्याजवळ चार हजारांहून अधिक छायाचित्रे आहेत, परंतु त्यांतून पूर्ण झालेली कथा एकही नाही.

अडचण अशी, की चित्र समोर ठेवून लिहायला बसले की जे दिसते त्याचेच वर्णन कागदावर उतरते. गोंदेश्वराच्या शिखरावरचे तिरपे ऊन मी दोन पाने लिहिले. त्या दोन पानांत कोणी कोणाशी बोलत नाही आणि कोणाला काही हवेही नाही. ज्यांना प्रवासातून, छायाचित्रांतून कथा सापडली, त्यांनी चित्रापासून कथेपर्यंतची वाट कशी काढली? आणखी एक शंका आहे. अनोळखी माणसाचे छायाचित्र घेऊन त्यावरून पात्र उभे करणे कितपत योग्य?

उत्तर: छत्तीसचा रोल, नाशिकरोड

लग्नकार्यांची छायाचित्रे काढण्यात माझी तीस वर्षे गेली आणि मी लिहू लागलो तो त्यानंतर, तेव्हा हे मत आधी छायाचित्रकाराचे समजावे. आमच्या वेळी एका रोलमध्ये ३६ चित्रे येत आणि रोल धुऊन हाती येईपर्यंत आठवडा जाई. तोवर आपण काय टिपले ते निम्मे विसरलेले असे, त्यामुळे डोळा आधी जाई तो कळ दाबताना न पाहिलेल्या जागी: नवरीच्या मागे उभी असलेली धाकटी बहीण, मांडवाच्या खांबाशी चपला सांभाळत बसलेला म्हातारा. माझ्या बहुतेक कथा तिथूनच निघाल्या, कारण मुख्य विषयाबद्दलचे माझे मत चित्र काढतानाच ठरून गेलेले असे. आपणही चित्रे काढल्यावर महिनाभर उघडू नयेत, असे मी सुचवीन.

दुसरे, चित्रे क्रमाने पाहावीत. रोलमधली सगळी चित्रे टपाल तिकिटाएवढ्या आकारात, काढली त्याच क्रमाने एका कागदावर छापली जात. त्या कागदाला आम्ही कॉन्टॅक्ट शीट म्हणत असू. त्यावर एका विहिरीची सहा चित्रे दिसत आणि सातव्यात एकदम रिकामा रस्ता. सहाव्या आणि सातव्या चित्राच्या मध्ये मी मान का वळवली, हे आठवू लागले की एखादा आवाज, एखादी हाक, कोणाचे तरी भांडण परत येते, आणि ते चित्रात कुठेच नसते. संगणकावर हे करणे सोपे आहे. मात्र त्यासाठी हललेली, फसलेली चित्रे पुसून टाकू नयेत.

उत्तर: द्राक्षवेल, निफाड

आपल्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहिते, कारण माझ्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यातूनच मिळाले. ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षवेलींची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, सुरू झाली, की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे आमच्या भागात बागांच्या कामाला येतात. एका वर्षी मी त्यांच्या मुक्कामाची, तीन दगडांच्या चुलीची आणि चुलीपुढे बसलेल्या एका वृद्धेची छायाचित्रे घेतली. चित्रे चांगली आली आणि त्यावर मी काहीही लिहू शकले नाही. पुढच्या वर्षी कॅमेरा न घेता गेले, तेव्हा एका बाईने विचारले, “ताई, मागल्या साली आमच्या सासूचा फोटो काढला होता, तो कुठं आहे?” सासू उन्हाळ्यात वारली होती आणि घरात तिचा दुसरा एकही फोटो नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी मोठी प्रत करून नेऊन दिली. कथा मी त्यानंतर लिहिली आणि ती त्या वृद्धेची नव्हतीच. दुसऱ्याच्या घरातली एकुलती एक गोष्ट नकळत स्वतःजवळ ठेवून बसलेल्या माणसाची ती कथा होती.

तेव्हापासून मी चित्र घेण्याआधी विचारते, प्रत पोहोचवते आणि लिहिताना त्या माणसाचा चेहरा, नाव, गाव घेत नाही. त्याची नड तेवढी घेते. आपल्या शिखराच्या वर्णनात कोणालाच काही नको आहे, असे आपण लिहिले आहे. म्हणजे नेमके काय राहिले ते आपल्याला ठाऊक आहे.

उत्तर: तिवंधा, जुने नाशिक

माझे मत थोडे वेगळे आहे. आपण इतकी ठिकाणे पाहिलीत, परंतु त्यांपैकी एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा गेल्याचे लिहिलेले नाही. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो आणि गंगेवर रोज जातो, म्हणून जवळचेच उदाहरण देतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या पायाशी एप्रिलमध्ये मुले खेळतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली, की सराफ बाजारात किती क्युसेक सोडले यापेक्षा पाणी मारुतीच्या कुठवर आले हे आधी विचारले जाते, आणि उत्तर गुडघा, कंबर, छाती असे मिळते. बाहेरून आलेल्याच्या छायाचित्रात फक्त पूर असतो; दुकानदाराला त्याच चित्रातून माल वरच्या मजल्यावर चढवायला किती वेळ उरला आहे ते कळते. ही मोजपट्टी एका फेरीत हाती येत नाही. एकच जागा निवडून, एकाच कोनातून, वर्षभर दर महिन्याला चित्र घ्यावे.

पांडवलेणीलाही पुन्हा जावे. तिसऱ्या लेण्यातील सातवाहन राजघराण्यातल्या गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख तिचा नातू राजा पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षीचा आहे. त्यात मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाचे विस्ताराने वर्णन येते आणि ती स्वतःला महाराजाची आई व महाराजाची आजी म्हणवते. मुलाची कीर्ती दगडात कोरून ठेवावी असे तिला नेमके तेव्हाच का वाटले असेल? माझ्या मते एवढ्या एका प्रश्नात कथा आहे, आणि ती लेण्याच्या कितीही देखण्या छायाचित्रातून आपल्याला मिळाली नसती.

गोदातीर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री भांडी बाजारातील एका सकाळची ४१ चित्रे लहान करून क्रमाने लावली. बहुतेक सगळी तांब्याच्या नव्या घंगाळांची आहेत, कारण त्यांवरचे ऊन मला आवडले होते. एकोणिसाव्या चित्राच्या कोपऱ्यात मात्र मोडीत आलेली जुनी भांडी तराजूत पडलेली आहेत. चित्र मोठे केले, तेव्हा एका तांब्यावर ठिपक्यांच्या अक्षरांत घातलेले “चि. सौ. कां.” आणि शेवटचे “हिस मामाकडून” एवढे वाचता आले. मधले नाव कोणीतरी कानशीने घासून काढले आहे.

मोडीत भांडे वजनावर जाते. नाव राहिले काय आणि गेले काय, पैसे तेवढेच मिळतात. तरीही ते विकायला आणण्यापूर्वी कोणी तरी बसून फक्त नाव घासले. कोणी, हे मला चित्रात दिसत नाही. उद्या सकाळी कॅमेरा घरी ठेवून त्या दुकानात जाते आहे.