नॅनोतल्या परदेशी सहकार्यात आपण फक्त हमाल? अजिबात पटलं नाही

बीमलाइन:
परवा इथे एकांनी लिहिलं की नॅनोतलं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या तंत्रज्ञानातलं, आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे आपली पोरं त्यांच्या लॅबमध्ये राबणार, पेटंट त्यांचं, कारखाना त्यांचा आणि आपल्या वाट्याला पेपरवर चौथं नाव. खाली भराभर लाइक. दोन दिवस गप्प बसले, पण राहवत नाही. माझी पीएचडी ऑक्साइडच्या पाच-सहा नॅनोमीटरच्या कणांवर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). सुरुवातीची मापनं इंदूरच्या इंडस-२ या क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर केली, तिथली माणसं जीव लावून मदत करतात, पण ते यंत्र २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचं आणि मला लागणारे जास्त ऊर्जेचे क्ष-किरण तिथे हवे तेवढे मिळेनात. जर्मनीत हॅम्बुर्गचं तसंच यंत्र, पेट्रा-३, आहे ६ गिगाचं. तिथे आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने भारतीयांसाठी मापनाचा वेळ घेऊन ठेवलाय, बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू सेंटर ते सगळं बघतं. प्रपोजल लिहायचं, निवड झाली की जायचं. तीन रात्री न झोपता जो डेटा घेतला त्यावर माझा थीसिस उभा आहे, आणि पेपरवर पहिलं नाव माझं आहे, कुठल्या जर्मनाचं नाही. जपानात त्सुकुबाला, इटलीत त्रिएस्तला आपल्या लोकांसाठी अशीच सोय आहे. मग हमाली कुठे आली?
आणि ज्या फोनवरून हे टाइप करताय त्यातली नॅनो मापाच्या रेषांची नवी चिप ज्या मशीनवर छापतात ते मशीन एएसएमएल ही कंपनी नेदरलँड्समध्ये जुळवते, आरसे जर्मनीच्या झाइस कंपनीचे, लेझर तिथल्याच ट्रुम्फचा, प्रकाशाचा स्रोत सॅन दिएगोचा आणि प्रक्रियेचं संशोधन बेल्जियममध्ये आयमेक या संशोधन संस्थेत. हे एकट्या देशाला जमलेलं नाही.

मटेरियलवाला:
ताई, तुमचंच उदाहरण घेतो. तेच मशीन २०१९ पासून चीनला मिळत नाही, डच सरकार परवाना देत नाही, मागे अमेरिकेचा दबाव. म्हणजे सहकार्य कुठपर्यंत, तर त्यांना सोयीचं आहे तोपर्यंत! मी चाकणला कोटिंगमध्ये १८ वर्षं काढली. एका युरोपियन कंपनीशी टेक्निकल करार होता, नाव घेत नाही. पावडर तिकडून यायची, आम्ही फवारायचो आणि भट्टीत घालायचो. कणांचा आकार कसा सांभाळता विचारलं की उत्तर ठरलेलं, ते करारात नाही. करार संपला त्या दिवशी आमच्याकडे भट्टी होती, माणसं होती, पण एक ग्रॅम पावडर करता येत नव्हती. चौदा जण घरी गेले, त्यात मी ट्रेन केलेली दोन पोरं होती.
पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची कोविडवरची एमआरएनए लसही बघा. अमेरिकेत सिएटलच्या एचडीटी बायो कंपनीसोबत सुरू झालं, आरएनए वाहून नेणारे नॅनोकण त्यांचे. २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी तंत्रज्ञानाच्या मालकीचं प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात. कोण बरोबर ते मी ठरवणार नाही, पण कणाची मालकी ज्याची त्याच्याच हातात दोरी.

बीमलाइन:
तुमच्या पोरांचं वाईट वाटलं, खरंच. पण तो करार वाईट होता. सही करताना तंत्रज्ञान हस्तांतर मागितलं नाही, हा दोष सहकार्याचा कसा?

मटेरियलवाला:
मागितलं होतं. तुम्ही त्या खोलीत नव्हता.

सूक्ष्मदर्शी:
परदेशाला शिव्या देण्याआधी घरचं बघा. लॅबच्या उपकरणांना ५ टक्के जीएसटीची सवलत होती, जुलै २०२२ मध्ये काढून घेतली, आता बहुतेक गोष्टींवर १८. ग्रँट तेवढीच. आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही, एका सॅम्पलसाठी पोरगी रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरात जाते, मशीन बंद असलं की हात हलवत परत. २००७ मध्ये केंद्राच्या नॅनो मिशनला हजार कोटी मंजूर झाले, त्यातून मोठ्या संस्था उभ्या राहिल्या, मान्य आहे, पण तालुक्याच्या कॉलेजपर्यंत काय पोचलं? हॅम्बुर्ग नंतर बघू!!

नाना_परभणी:
तुमचं सगळं वाचलं. मला नॅनो म्हणजे एकच माहीत, इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेची नॅनो युरियाची बाटली, पानावर फवारायचं पातळ खत. मागच्या खरिपात कापसाला युरिया पाहिजे होता, दुकानदार म्हणे बाटली घेतली तरच गोणी. लिंकिंग. गोणी २६६ रुपयांची आणि बाटली वर दोनशे-सव्वादोनशे, ती कुणी मागितली होती? बनवणारे शास्त्रज्ञ अमेरिकेत, सेंट लुईसच्या विद्यापीठात संशोधन करून आलेले, जगात पहिला असा गाजावाजा, २०२२ मध्ये कलोलच्या कारखान्याचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन. हेच ना तुमचं आंतरराष्ट्रीय सहकार्य? आमच्या बांधावर ते सक्तीचं होऊन आलं.

खत_सल्ला:
नाना, दुकानदाराचा राग तंत्रज्ञानावर काढू नका. मी बीएस्सी ॲग्री, दहा वर्षं शेतात फिरतोय. मातीत टाकलेल्या युरियातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन हवेत उडतो नाहीतर पाण्याबरोबर जातो, विहिरींचं पाणी खराब होतं ते त्याच्यामुळेही. पानावर फवारलं तर थेट आत जातं. आणि फवारणीची वेळ चुकली, पाणी जास्त घेतलं, की शेतकरी म्हणणार बाटलीत काही नव्हतं.

नाना_परभणी:
साहेब, मी बारावी नापास, पण गुणाकार येतो. बाटली अर्ध्या लिटरची, गाजावाजा झाला तेव्हा त्यात नायट्रोजन होता ४ टक्के, म्हणजे झाला २० ग्रॅम. गोणी ४५ किलोची, ४६ टक्के, म्हणजे २० किलोच्या वर. निम्मा काय, पाऊण उडाला तरी ५ किलो उरतो. २० ग्रॅम ५ किलोचं काम कसं करणार, ते तेवढं सांगा. आणि वेळ चुकली म्हणून आम्हाला शिकवू नका, माझा बाप या मातीत गेला.

खत_सल्ला:
सगळंच गुणाकाराने ठरत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं ग्रॅममध्येच देतो की आपण.

बीमलाइन:
नाही हो, इथे मला नानांच्या बाजूने बोलावं लागेल. जस्त-बोरॉन ग्रॅममध्ये चालतात कारण पिकाला ती तेवढीच लागतात, नायट्रोजनमधून प्रथिनं बांधली जातात, तो किलोतच लागतो. कण २० ते ५० नॅनोमीटरचा आहे म्हणून त्यातले अणू वाढत नाहीत. आणि युरिया पाण्यात साखरेसारखा विरघळतो, मग कण शिल्लक राहतो तो नक्की कशाचा? इफ्कोच्या दाव्यांना आधार काय, हा प्रश्न डेन्मार्कमधल्या कोपनहेगन विद्यापीठाच्या हुस्टेड आणि फ्रँक यांनी २०२३ मध्ये 'प्लँट अँड सॉइल' या विज्ञान नियतकालिकात उघडपणे विचारला. पुरेसा आधार नाही असं त्यांनी लिहिलं. नाना, याला पण मी आंतरराष्ट्रीय सहकार्यच म्हणते. बाहेरच्या माणसाला इथे कुणाचं मिंधं राहावं लागत नाही.

नाना_परभणी:
डेन्मार्कच्या माणसाने सांगितल्यावर तुम्हाला पटलं. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने शेतात चाचण्या घेतल्या, युरिया कमी करून नॅनो फवारलं तर भात आणि गहू दोन्हीचं उत्पन्न घटलं. ते आपलेच लोक, मातीत उभं राहून मोजलं त्यांनी. त्यांचं नाव तुमच्या तोंडी आलं का?

बीमलाइन:
नाही आलं. यायला हवं होतं, चुकलं माझं.

मटेरियलवाला:
बघा, हेच मी म्हणत होतो. पेपर तिकडे छापला की खरा.

बीमलाइन:
तुम्ही तसं म्हणत नव्हता, तुम्ही सहकार्यच नको म्हणत होता. लुधियानाचे आकडे आणि कोपनहेगनचा प्रश्न एकमेकांना धरूनच भक्कम होतात. माझं म्हणणं एवढ्यापुरतं बदलते की काय मोजायचं हे आपण ठरवलं पाहिजे. हॅम्बुर्गला मी माझे कण घेऊन गेले होते, माझा प्रश्न घेऊन. बाटलीच्या बाबतीत शेतकऱ्याचा प्रश्न कुणी नेलाच नाही, थेट कारखाना उभा केला. तुमच्या चाकणलाही तेच झालं असणार.

मटेरियलवाला:
चाकणचं तेवढं मान्य. बाकी नाही.

सूक्ष्मदर्शी:
आणि जीएसटीचं?

खत_सल्ला:
नाना, लिंकिंग बेकायदेशीर आहे, खतासोबत दुसरं काही माथी मारता येत नाही. पक्कं बिल घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तेवढ्यापुरता तुमच्या बाजूने आहे. तंत्रज्ञानावर आणखी संशोधन व्हायला पाहिजे, हे माझं मत कायम आहे.

नाना_परभणी:
संशोधन करा ना, कोण नको म्हणतंय, पण माझ्या पैशाने माझ्या रानात विचारल्याशिवाय नका करू. आत्ताच दुकानातून आलो. चार गोण्या, दोन बाटल्या. बिल मागितलं तर म्हणाला गोण्या खाली ठेव.